एका घरातली दोन मतं

१२ जानेवारी १९५०

निवडणूक लागली. २३ फेब्रुवारीला मतदान. रेडिओवर बातमी ऐकली आणि बाबांनी लापशीचा चमचा खाली ठेवला. "आता तुमच्या मजूर सरकारचं काही खरं नाही, एड्ना." मी म्हटलं, लापशी गार होतेय.

सासरे असले तरी मी त्यांना बाबाच म्हणते. माझा नवरा विल्फ लढाईत गेला, इटलीत. तेव्हापासून या घरात आम्ही दोघंच — ते हुजूर पक्षाचे, मी मजूर पक्षाची. पस्तीस वर्षं बाबांनी गिरणीत माग दुरुस्त केले, नखांतलं तेल अजून गेलं नाही, आणि मत मात्र गिरणीमालकाच्या पक्षाला! मला हे कधी कळलेलं नाही. माझं त्यांना कळलेलं नाही. बाकी आमचं छान चाललंय.

२८ जानेवारी

शनिवार. पॉलीबरोबर मिल रस्त्याची सगळी दारं ठोठावली. पॉलीचे माग माझ्या मागांशेजारी, त्यामुळे चालतानाही आमची पावलं बरोबर पडतात. चौदा नंबरच्या बाईंनी दारातच धरलं. "पौंड स्वस्त केलात, साखर अजून मोजून देता, वर मतं मागता?"

मी म्हटलं, एकतीस साल आठवतं का? आपल्या ब्रॅकनशॉमधल्या निम्म्या गिरण्या बंद होत्या. माझा नवरा बेकारभत्त्याच्या रांगेत, तुमचाही. आज एक माग बंद नाही, उलट माणसं मिळत नाहीत.

"ते खरं," त्या म्हणाल्या. "पण मी विणते ते सगळं कापड डॉलरसाठी परदेशी जातं. माझ्या खिडकीला पडदा कधी?"

मी खिडकीकडे बघितलं. खरंच पडदा नव्हता, वर्तमानपत्र लावलं होतं. मला हसू आलं, मग त्यांनाही. आत बोलावून चहा दिला — स्वतःच्या वाट्याचा, रेशनचा. मत देणार की नाही ते मात्र सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी

वरच्या खिडकीत बाबांनी निळं पोस्टर लावलं. खालच्या खिडकीत माझं लाल. दूधवाला गाडी थांबवून बघत राहिला.

९ फेब्रुवारी

रात्रीच्या जेवणाला पोलादाच्या राष्ट्रीयीकरणाचा विषय. बाबा म्हणाले, "कोळसा घेतला, रेल्वे घेतली, आता पोलाद घेणार. मग माझी कबुतरं घेतील."

मी म्हटलं, सरकारला कबुतरं कशाला?

"तेच तर. कोळसा तरी कशाला हवा होता?"

वाटाणे संपेपर्यंत दोघंही गंभीर. मग तेच आधी हसले.

१४ फेब्रुवारी

आज जे झालं ते झोपायच्या आधी लिहूनच काढते!

टाऊन हॉलमध्ये आमची मोठी सभा. उमेदवार पेनरोजसाहेब, मूळचे लंडनचे वकील, भला माणूस, पण महिनाभर थंडीत बोलून बोलून आज त्यांचा घसा साफ बसला. नुसती हवा येत होती. पक्षाच्या सेक्रेटरींनी भाषणाचे कागद माझ्या हातात दिले. "एड्ना, तू वाच. तुझा आवाज गिरणीतला आहे."

मी उभी राहिले. पहिल्या पानावर 'निर्यातीचे प्रमाण' असलं काहीतरी. दोन ओळी वाचल्या आणि गॅलरीतल्या हुजूर पक्षाच्या पोरांनी फुटबॉलच्या मॅचला नेतात तसल्या लाकडी खुळखुळ्यांचा खडखडाट सुरू केला. कुणाला काही ऐकू जाईना. पेनरोजसाहेब खाली बसा म्हणून खुणा करत होते.

आणि मी समोर बघितलं. निम्मा हॉल विणकर बायांचा. शेकडो मागांच्या गोंगाटात आम्ही वर्षानुवर्षं ओठांनीच बोलतो, आवाज लागतोच कुणाला! मी कागद खाली ठेवले आणि तोंड मोठं करून, एकही शब्द न काढता बोलायला लागले. पॉलीला कळलं. मग तिच्या रांगेला. मग सगळ्या बायांना. वरची पोरं खुळखुळे हलवतायत आणि खाली बाया माझं बोलणं ऐकून माना डोलावतायत! गिरण्या बंद होत्या तेव्हाचं सांगितलं. आता फुकट झालेल्या दवाखान्याचं सांगितलं. पडद्याचंही सांगितलं — म्हटलं, तेवढं अजून जमलेलं नाही, पण जमवू.

मग तिसऱ्या रांगेत बाबा दिसले. आमची फजिती बघायला आले होते. मला राहवलं नाही. ओठांनी म्हटलं — ते बघा माझे सासरे. सरकारवर भारी रागावलेत. पण नाकावर चष्मा सरकारचाच आहे, फुकटचा.

निम्मा हॉल हसला. पोरांना कळेना काय झालं, त्यांचे खुळखुळे थांबले. आणि बाबा — पस्तीस वर्षं मागांमध्ये काढलेला माणूस, ओठ त्यांनाही वाचता येतात. तेसुद्धा हसले. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि उठून गेले.

१५ फेब्रुवारी

बाबा बोलत नाहीत.

१६ फेब्रुवारी

गिरणीत सगळ्या माझी पाठ थोपटतायत. घरी चहाचा कप वाजला तरी मोठा आवाज होतो. चष्म्याशिवाय वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचतायत. शेवटी मी म्हटलं, चुकलं माझं. घरातली गोष्ट मी चारचौघांत न्यायला नको होती.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "पोरी, मला राग त्याचा नाही. मला उत्तर सुचलं नाही, त्याचा आहे."

१८ फेब्रुवारी

उत्तर सुचलं! काल हुजूर पक्षाच्या क्लबात बाबा जन्मात पहिल्यांदा टेबलावर चढून बोलले. पॉलीचा नवरा बिलियर्ड खेळायला तिथे असतो, त्याने सांगितलं. म्हणाले म्हणे, "चष्मा सरकारचा आहे, कबूल. म्हणूनच तर सरकारचे घोटाळे मला इतके स्वच्छ दिसतात." टाळ्या पाच मिनिटं.

सकाळी नाकावर चष्मा होता. मी दोघांनाही बेकन वाढलं, आठवड्याच्या रेशनचं सगळं.

२३ फेब्रुवारी

मतदान. गिरणी सुटल्यावर दोघं बरोबर गेलो, रस्ता निसरडा म्हणून हात धरून. वाटेत मी म्हटलं, तुमचं मत माझ्या मताला खाणार. घरी बसलो असतो तरी बेरीज तीच.

"घरी बसायला मी काय आजारी आहे?" बाबा म्हणाले.

२४ फेब्रुवारी

मतमोजणीला गिरणीतून सुट्टी घेतली. पहिल्या मोजणीत आम्ही बारा मतांनी मागे. पुन्हा मोजली. एकोणीस मतांनी पुढे! तिसऱ्यांदा मोजली. एकोणीसच! पेनरोजसाहेबांनी, घसा अजून बसलेलाच, मला नुसतं ओठांनी म्हटलं — आभार. वाईट उच्चार, पण कळलं.

२५ फेब्रुवारी

देशात बहुमत फक्त पाच जागांचं. बाबा खूष. "पाच! दोन-तीन मेंबरांना सर्दी झाली की सरकार गेलं." पण मला वाईट वाटू नये म्हणून हळू म्हणाले.

२० मार्च

वॉर्ड समितीची माणसं आली होती. मे महिन्यात गावच्या कौन्सिलची निवडणूक, आमच्या वॉर्डातून मी उभं राहावं म्हणतात. मी! चार माग सांभाळणारी बाई. रात्रभर विचार करते म्हटलं, पण त्यांना दारापर्यंत पोचवायच्या आतच हो म्हणून टाकलं.

बाबांना सांगितलं. ते कबुतरांचे दाणे निवडत होते.

"समोर कोण आहे तुझ्या?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही म्हणे. तुमच्या लोकांना कुणी मिळत नाहीये.

बाबांनी दाणे बाजूला ठेवले. टोपी घातली आणि क्लबात गेले, नेहमीपेक्षा तासभर आधी.

२५ एप्रिल

टाऊन हॉलच्या फलकावर आज उमेदवारांची यादी लागली. आमच्या वॉर्डात दोनच नावं. ऑर्मरॉड, एड्ना — मजूर. ऑर्मरॉड, सेथ — हुजूर. पत्ता एकच.

घरी येऊन विचारलं, हे काय? बाबांनी माझ्याच कपात चहा ओतला. "तुझ्याशी भांडायला मी परक्या माणसाला पाठवू होय?"