अप्पांच्या बारा गोष्टी

३ नोव्हेंबर, वालूर

आज पहिली गोष्ट मोबाईलात भरली. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय अप्पा तोंड उघडत न्हाईत, म्हणून मोबाईल घेऊन साडेआठपर्यंत ओसरीत बसून राहिलो. भस्माचा हात पुसून मग त्यांनी विचारलं, "चालू हाय का तुझं यंत्र?"

अप्पांच्या घशातली गाठ वाईट निघालीय. ऑपरेशन केलं की आवाज जाणार. मी हैदराबादहून आलो त्याच दिवशी अप्पांनी सांगितलं, चहा पिता पिता, जसं काही सेलूच्या बाजाराला जायचंय. वर अट घातली. "माझ्या आवाजात बारा गोष्टी भरून घे. बारावी झाली की मी गाडीत बसतो. तवर परभणीच्या दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई." डॉक्टर म्हणे डिसेंबरपर्यंत थांबतील. मी म्हटलं, बारा गोष्टी, बारा दिवस. झालं. माय भाकरी थापत राहिली.

५ नोव्हेंबर

अप्पा तंबू टॉकीजचे भोंगेवाले होते. जत्रेत तंबू लागला की सकाळी बैलगाडीवर भोंगा बांधायचा आणि आसपासच्या गावांत पिक्चरची गोष्ट सांगत फिरायचं. शेवट सांगायचा न्हाई — धंद्याचा नियम. हे लहानपणापासून माहीत होतं. आज नवीन कळलं. रिळांची पेटी यायची संध्याकाळी. म्हणजे सकाळी अप्पांनी पिक्चर बघितलेलाच नसायचा! पोस्टर बघून गोष्ट रचायचे. पोस्टरवर ट्रक दिसला की नायक ट्रकवाला. तीच गोष्ट आडावर बायकांपुढं रडकी, पारावर बाप्यांपुढं मारामारीची.

"मग लोक भांडायचे न्हाईत?"

"भांडायचे की. पिंगळीत एक म्हातारी म्हनली, अप्पा, तुझा ट्रकवाला कुठाय रं? म्हनलं, माय, तुझा डोळा लागला तवा येऊन गेला."

हसता हसता खोकला. फडक्यात रक्त. मायनं मला पाणी आणायला पाठवलं. पाणी तिथंच होतं.

७ नोव्हेंबर

तीन गोष्टी ॲपात टाकल्या. मोबाईलच्या दुकानात कामाला होतो तेव्हा हे शिकलो. पिक्चरचे संवाद टाकायचे, एआय सांगाडा काढून देतं. नायकाला काय पाहिजे, आडवं कोण येतंय, वळण कितव्या मिनिटाला. आलेख काढतं, वर-खाली. असे चाळीसेक पिक्चर सोलून बघितले. बारावीत दोनदा उडालो, पण पिक्चर कुठं फसतो ते सांगता यायला लागलं. वाटायचं याच्यावर कुठंतरी लिहायचं काम मिळंल. कुणाला विचारलं मात्र न्हाई. मधीच बॅटऱ्या दुरुस्त करायचं शिकायला निझामाबादला गेलो, तेही अर्धंच राहिलं.

अप्पांच्या गोष्टींवर एआयचं मत: तिसरा अंक नाही. ते मलाबी माहीत हाय.

१२ नोव्हेंबर

काल काही भरलं न्हाई. जीवनची जीप पाथरीला निघाली होती, दोस्त आहे, सहज बसलो. तिथं एक जण म्हणला मानवतला कुणाकडं जुना प्रोजेक्टर हाय. गेलो. प्रोजेक्टर न्हाई, पिठाची गिरणी होती. तिथंच गप्पांत मुक्काम पडला. आज दुपारी घरी आलो तर अप्पा ओसरीत, समोर मोबाईल ठेवायचा स्टूल मांडलेला.

"कालपासून कुणाला हलवू देईनात," माय म्हनली.

१५ नोव्हेंबर

ट्रकवाल्याच्या गोष्टीचा शेवट एआयकडून लिहून घेतला. पूर ओसरतो, ट्रकवाला घरी पोचतो, बाप माफ करतो, सगळे रडतात. अप्पांना वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी.

"बरा हाय. पण लेका, हे आडावरच सांगितलं तर तंबूत कुत्रं तरी येईल का?"

२० नोव्हेंबर

आठवी झाली. आवाज बसत चाललाय, शब्दामागं खरखर. मी म्हटलं, आजच नववी घेऊ. अप्पा म्हणले, "घाई कशाची तुला?"

घाई मला न्हाई, गाठीला हाय. हे बोललो न्हाई.

२२ नोव्हेंबर

आठही गोष्टी एकत्र टाकून तुलना करायला सांगितली. उत्तर आलं: या आठ कथा नाहीत, एकच कथा आहे.

आधी वाटलं ॲप बिघडलं. मग मीच कान लावून ऐकल्या, पाराचा कट्टा उन्हानं तापेपर्यंत. बरोबर हाय. नुस्ती नावं न् धंदे बदललेत. ट्रकवाला, फौजी, डाकू, देवीचा भगत. दर वेळी एक जण घर सोडून जातो. घरचं कुणीतरी दार उघडं ठेवतं. तो परत निघतो, आणि घर दिसायच्या आत गोष्ट थांबते. आठ आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेघ.

म्हणजे अप्पा टाळायलेत. एकच गोष्ट उगाळून दिवस काढायलेत. अशा बारा कधी व्हायच्या? आणि तवर गाठ काय गप बसणार हाय?

२३ नोव्हेंबर

भांडलो.

"अप्पा, मशीननं पकडलं तुमाला," म्हणून आलेख दाखवला. मोबाईल लांब धरून किती तरी वेळ बघत बसले. "ही रेघ माझी हाय?"

"तुमच्या गोष्टींची."

"आठ येळा सारखी आली म्हनायची." जसं काही कौतुक केलंय मी.

मी म्हटलं, ऑपरेशनला भ्यायलाव तुमी. म्हणले, न्हाई. मग उद्या चला परभणीला. म्हणले, बारा कुठं झाल्यात? तिथं माझं डोस्कं फिरलं. एकच झालीय, वीस दिवसांत एकच, हे ऐकायला काम सोडून आलो का मी? माय चुलीपासून म्हनली, "मल्लेश, बस कर." अप्पांनी मोबाईल माझ्या हातात दिला.

"जीवनची गाडी साडेदहाला निघती," एवढंच म्हणले.

निघालो. मागं बघितलं न्हाई.

२५ नोव्हेंबर, पाथरी

यात्रेकरूंच्या लॉजवर झोपायची सोय झाली, चादरी बदलायच्या बदल्यात.

२८ नोव्हेंबर

अप्पांची गोष्ट पटकथा म्हणून लिहून काढली, तीन अंक, शेवटासकट. एआय म्हणतं रचना उत्तम, शेवट समाधानकारक. परत वाचली. तोंडात माती गेल्यासारखं झालं. पुसून टाकली.

घरून फोन न्हाई. मीबी केला न्हाई.

३० नोव्हेंबर

मायचा फोन. "आवाज गेला त्यांचा. ये." मी म्हटलं, ऑपरेशन झालं का? तिनं फोन ठेवला होता.

१ डिसेंबर, वालूर

ऑपरेशन झालेलं न्हाई. आपोआपच गेला आवाज. सकाळी लिंग तळहातावर घेतलं, ओठ हलले, बाहेर नुस्ती हवा. पूजा झाल्यावर मला बघून स्टुलाकडं बोट केलं. मी यंत्र लावलं. ते तेवीस मिनिटं बोलले. हात हलवले, एकदा हसले. मी मान डोलवत राहिलो. कळलं काहीच न्हाई.

ॲपात टाकलं. 'संवाद आढळला नाही.'

उद्या काही झालं तरी उचलून गाडीत घालणार.

२ डिसेंबर

जीवनची जीप दारात आणून उभी केली आणि मायला परभणीचे कागद मागितले. तिनं दिले न्हाईत. मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं.

"ऑपरेशन न्हाई रं कुठलं. पहिल्याच खेपेला डॉक्टरनं हात जोडले, लय पसरलंय म्हनले, कापून उपेग न्हाई. तुझे अप्पा मला म्हनले, मल्लेशला यातलं काही बोलू नको."

"मग बारा गोष्टी?"

"मरायलोय सांगून कुणाला बांधून ठेवायचं न्हाई म्हनले. आन् नुस्तं बापापाशी बस म्हनलं असतं, तर बसला असतास का तू?"

बसलो नसतो.