आईची पडवी खोडली

शहापूर, मंगळवार संध्याकाळ, २००८

सापगावच्या घराची पडवी आज मी नकाशातून काढली. दादाला तिथे खोली हवीय. मी म्हटलं, आईची जागा आहे ती. तर म्हणाला, "आई नाय आता. कोन बसनार गो तिथं?" खरंच, कोण बसणार?

ऑफिसात नकाशे काढायचं नवं सॉफ्टवेअर आलंय. जुन्यात नुसत्या रेघा. प्लॅनमधून काही खोडलं, तरी घर उभं कापून दाखवणाऱ्या सेक्शनमध्ये जाऊन ते पुन्हा खोडावं लागायचं. मी हमखास विसरायचे, साहेबांची बोलणी खायचे. नव्यात भिंत म्हणजे भिंतच. एक बटण दाबलं, पडवी सगळीकडून गेली. तिच्यातला ओटाही गेला. आईला जमिनीवर बसवत नव्हतं, म्हणून तिच्या गुडघ्याच्या मापाने घेतलेला. इतकं सोपं का असावं मेलं?

मग जुनी फाइल उघडली. मागच्या आठवड्यात, नवं यायच्या आधी, तिथे प्लॅनमधली पडवी खोडली होती. सेक्शनमधली विसरले होते. ओटा तसाच होता, आईच्या गुडघ्याएवढा.

उद्या दादाला नवा नकाशा देईन. जुन्यातली चूक दुरुस्त करणार नाही.