गोरखचे घडीचे चाकू

८ जून २००३, रविवार

पिंपरी पेंढारला जाऊन आलो. गोरखनं धनगरी चाकू हातात घेतला, उघडला, मिटला, परत उघडला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, ह्यो कुनाचा?"

माझा धाकटा भाऊ. बारा वर्षं हे चाकू गोळा करतोय. जुने, घडीचे, बंडीच्या खिशात मावणारे. कुठल्याही चाकूवर बोट ठेवा, हा कुणाचा ते तो सांगायचा. आज त्यानं मला विचारलं!

मी सांगितलं, अणे पठारावरच्या मेंढक्याचा. तूच सांगितलं होतंस.

"व्हय का?" म्हणाला आणि हसला. साळुबाई, त्याची बायको, दारात गवार मोडत बसली होती. तिचे हात थांबले.

१२ जून

पुण्याला नेलं. मेंदूचे फोटो निघाले. डॉक्टर सरळ बोलले — मेंदू आकसत चाललाय, औषधानं वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. गोरख अजून पंचावन्नचाही नाही.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हनला?"

"दम धर म्हणाला."

"दम तर हाय की," म्हणाला आणि एसटी स्टँडपर्यंत माझ्यापुढं चालत गेला.

१५ जून, रविवार

सगळे चाकू आज जाजमावर मांडले. एकेक बघितला. मूठ शिंगाची की लाकडाची, शिंग म्हशीचं की सांबराचं, टोकाची पितळी टोपी ओतीव की ठोकलेली, पाठीची कमान कशाची. आणि पात्याच्या बुडाशी ठसा आहे का — टिंबं, चंद्रकोर, एखादं अक्षर. एवढ्यावरून चाकू कुठल्या बाजूचा आणि साधारण किती जुना, हे मलाही कळतं आता. त्यानंच शिकवलं. पण कुणाच्या खिशात होता, कुणी घडवला, त्यानं काय कापलं — हे फक्त गोरखच्या डोक्यात. एकाही चाकूबरोबर चिठ्ठी नाही. मी पेपरात तीस वर्षं काढली, रोज दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं. सख्ख्या भावाचं राहिलं! थोडं रविवारच्या पुरवणीत छापलं होतं, तेवढंच.

आजपासून दर रविवारी. जेवढं निघेल तेवढं.

२ जुलै

पुण्याहून श्रेया मॅडमचा फोन. एका खासगी संग्रहालयाचं काम बघतात. माझे जुने लेख त्यांच्या हाती लागले. जानेवारीत नवं दालन उघडतंय, घरगुती हत्यारांचं. एक पूर्ण कपाट द्यायला तयार आहेत, वर नाव — गोरख दुरगुडे संग्रह.

अट एक. ज्याची माहिती पक्की, तोच चाकू घेणार. "नाहीतर भंगार आणि वारसा यात फरक काय राहिला सर?" — बरोबर बोलल्या.

गोरखला ते नाव वाचता येईल तोवर हे व्हायला हवं. एवढंच हवंय मला. दुसरं काही नाही.

६ जुलै, रविवार

तीन चाकूंची माहिती मिळाली. स्वच्छ, न अडखळता. एक उंब्रजच्या पैलवानाचा — खारीक फोडायचा. एक सुईणीचा, नाळ कापायचा. मूठ सांबराची, पातं बोटभर. तिसरा चामड्याचं काम करणाऱ्याचा, त्याला मागं भोकं पाडायची अरी आहे.

येताना साळुबाई म्हणाली, "तुमी आलं का बोलत्यात, भावजी. आठवडाभर भिताडाकडं बघत्यात."

१३ जुलै

एकही नाही. जेवला आणि झोपला.

२७ जुलै, रविवार

बातमी होती म्हणून उशिरा पोचलो. उसात बिबट्याची पिल्लं सापडली, फोटो काढला, जुन्नरला परतून फॅक्स केला, मग पिंपरी. गोरख ओट्यावर बसूनच होता. शेजारचा भागू म्हणाला, "सकाळधरनं हितंच बसलाय राव! जेवायला उठंना. म्हनतो, दादा यायचाय."

दोन चाकू झाले.

१७ ऑगस्ट, रविवार

घोटाळा. लहान पात्याचा, हस्तिदंती दिसणारी मूठ. तो ओतूरच्या कुलकर्ण्याचा, बोरू तासायचा — असं त्यानं मला सत्त्याण्णव साली सांगितलं, मी छापलंही. आज म्हणतो न्हाव्याचा, कुरूप काढायचा. मी म्हणालो, बोरू? "बोरू कसला? कुरूप!"

आजार असा काम करतो. दोन आठवणी एकमेकींत सांडतात. मी कुलकर्णी कायम ठेवला. आधीचं ते खरं.

३१ ऑगस्ट

मला "मास्तर" म्हणाला. मग जीभ चावली. चाकू काढलेच नाहीत.

२१ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष. आईबापाचा घास टाकला. गोरखला विचारलं, कुणाचं पान हे? त्याला सांगता आलं नाही. चाकू पुढं ठेवला तर लगेच, "ह्यो डिंगोऱ्याच्या वैदूचा!"

बाप विसरला, वैदू राहिला. मला राग यायला हवा होता. आनंद झाला.

५ ऑक्टोबर, रविवार. दसरा

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

आपट्याची पानं घेऊन गेलो. सोप्यात पाट मांडलेला. त्यावर विळे, कोयते, खुरपी आणि सगळे चाकू, उघडून, ओळीनं. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि सगळी पाती नव्या चमच्यासारखी लखलखीत!

काल खंडेनवमी. घरातलं सगळं लोखंड धुऊन पुजायचं. गोरख दरवर्षी चाकूंना नुसता तेलाचा बोळा फिरवायचा. यंदा त्याला उमजेना, म्हणून साळुबाईनं केलं. चिंच, राख, विटकरीची पूड. एवढ्यावर थांबली नाही. सायकलवरचा धारवाला आला होता, त्याच्या चाकावर एकूण एक पातं धरलं. दोन्ही बाजूंनी, बुडापर्यंत. टिंबं गेली. चंद्रकोर गेली. शंभर वर्षांची काळी झाक गेली. पितळी टोप्याही घासल्या. एकाही चाकूवर वाचण्यासारखं काही उरलं नाही.

मी ओरडलो. धाकट्या भावाच्या बायकोवर आजवर कधी आवाज चढवला नव्हता. काय बोललो ते लिहीत नाही.

ती पदर नीट करून म्हणाली, "हत्यारं रुसली म्हनून ह्यांचं डोकं गेलं, आसं वाटलं मला. म्हनलं यंदा नीट पुजू. कायतरी फरक पडंल."

गोरख मधेच म्हणाला, "लई झकास चमकत्यात, न्हाई?"

न जेवता निघालो. पानं खिशातच राहिली.

७ ऑक्टोबर

बातमी दिली. जेवलो नाही.

९ ऑक्टोबर

श्रेया मॅडमना सांगून टाकलं. लपवून उपयोग नव्हता, चाकू बघितल्यावर कळलंच असतं. त्यांनी सरळ विचारलं.

"मग सर, आता बघून काही सिद्ध होणार नाही. उरली तोंडी माहिती. ती तरी पक्की आहे?"

म्हणालो, माझ्या भावाचा शब्द आहे.

"मग ठीक."

२६ ऑक्टोबर

साळुबाईकडे चहा मागितला. तिनं दिला. दोघांनी तेवढ्यावर भागवलं. दिवाळीचा फराळ डब्यात घालून दिला, डबा परत आणा म्हणाली.

गोरखनं आज कुठल्याच चाकूला हात लावला नाही. सारखे दिसतात ते आता, मला तरी कुठे वेगळे दिसतात!

९ नोव्हेंबर, रविवार

आज पिंपरीला नाही, घोडेगावकडे गेलो. आंबेगावच्या चाकूचं नक्की करायचं होतं. संग्रहातला तोच सगळ्यात मोलाचा. गोरखचं म्हणणं असं — डिंभ्याचं धरण होण्याआधी मूळ आंबेगावात सावळेराम नावाचा लोहार होता, त्यानं चार जावयांसाठी चार चाकू घडवले. पाणी चढलं तेव्हा त्याच्या बायकोनं एक तेवढा कनवटीला लावून आणला.

गाव पाण्याखाली. माणसं विखुरलेली. त्यातली एक ठकूबाई भेटली. ऐंशीच्या पुढची, आवाज खणखणीत. अंगणात बायांबरोबर ऊन खात होती.

"पेपरवालं का? गाव बुडालं तवा दिसला न्हाईत. आता चाकू हुडकाया आलात व्हय?"

बाकीच्या बाया हसल्या. मीही हसलो, करतो काय.

"लोहार व्हता ना आजी?"

"व्हता की. फाळ, इळं, कोयतं करायचा. चाकू कशाला करंल? आमी काय सफरचंदं कापीत व्हतो?"

"सावळेराम त्याचं नाव?"

"सावळेराम न्हवं आन गोरेराम न्हवं. नाव याद न्हाई, पन त्याला जावईच न्हवतं. पोरगी कुटं व्हती त्याला?"

परतताना विचार केला. वय झालंय. नाव आठवत नाही म्हणते, मग पोरगी नव्हती हे कसं आठवतं? नवीन पोरांना मी नेहमी सांगत आलो, दोन तोंडांनी सारखं सांगितल्याशिवाय छापू नका. इथं दोन तोंडं, दोन्ही विसराळू. मी माझ्या भावाचं धरलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज चमत्कार! गोरख सकाळपासून लख्ख. नाव घेऊन हाक मारली साळुबाईला. आंबेगावचा चाकू मुठीवरून ओळखून दिला तर सगळं सांगितलं. लोहार, चार जावई, पाणी, कनवट. शब्दाला शब्द, सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं तसंच. एक काना मात्रा इकडे तिकडे नाही. असं खोटं आठवत नाही माणसाला.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. डझनभर चाकू पक्के. कपाट नक्की झालं.

त्यांना म्हणालो, नावाची पाटी आधी बनवून मिळेल का? त्याला दाखवायचीय. हो म्हणाल्या.

२३ नोव्हेंबर

ताप आला त्याला. ताप गेला. सोबत बरंच काही गेलं. कालवणात पाण्याचा तांब्या उपडा केला. साळुबाईनं ताट बदललं.

३० नोव्हेंबर, रविवार

पाटी आली. काळ्यावर पांढरी अक्षरं, सुबक. मांडीवर ठेवली त्याच्या. बोट फिरवत वाचली. वाचता येतं अजून! "गो-र-ख... दुर-गु-डे."

मग पाटी मला परत दिली.

"बरं नाव हाय. कोन ह्यो?"

साळुबाई आत निघून गेली. मी पाटी कागदात गुंडाळली. उशीर झाला. जूनमध्येच झाला होता बहुतेक, मला कबूल करायचं नव्हतं. चाकू द्यायचे आहेत म्हणून देईन. शब्द दिलाय. बाकी त्यात आता कुणासाठी काही नाही.

७ डिसेंबर, रविवार

ओट्यावर एकटाच होता. मला बघून सरकला, जागा केली.

"या पावणं. कोन गाव?"

"जुन्नर."

"जुन्नरला आमचा दादा आसतो. पेपरात लई मोठा. वळखता?"

ओळखतो म्हणालो.

तो जवळ आला, आवाज खाली घेतला. "येकदा आळ्याच्या भंगारवाल्याकडनं चाकू आनला व्हता, उगं आपला. दादाला म्हनलं, ह्यो येका मेंढक्याचा, त्यानं ह्यानं लांडगा मारला. तर फुडल्या रयवारी दादा हजर! आदी वरीस-वरीस फिरकत नव्हता, राव. त्याला बातमी लागती. मग मी पोतंच आनलं. येकेक चाकू काढायचा, येकेक गोष्ट जुळवायची. रातभर घोकायचो, चुकाया नको म्हनून."

"सगळ्या?"

"सगळ्या. आंबेगावची तर लई भारी जमली व्हती. कुनाला बोलू नगा."

नाही बोलत म्हणालो.

"बसा. च्या घ्या. आज रयवार, दादा येईलच आता."

बसलो.