गुरुवारचा रकाना

प्रिय ताई,

मी ठणठणीत आहे; अक्षराकडे बघू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतो?

निवृत्तीनंतर हौसेने घेतलेलं हे काम डोकं उठवतंय. पाणथळीतला खारटपणा रोज मोजते. तो वाढतोच आहे. पक्ष्यांची पिल्लं पाण्याला चोच लावून मागे फिरतात. गोडं पाणी आत सोडणारं बांधाचं दार उघडायला खात्याच्या साहेबांना सलग सात दिवसांचे आकडे हवेत, आणि माझा गुरुवार कोरा.

"बाई, अंदाजे भरा की," साहेब म्हणाले.

शाळेत सिस्टरांनी अंदाजे लिहायला शिकवलं नाही, म्हटलं. मग त्या रकान्यात खरं तेच लिहिलं: मोजणारी चिखलात पडली, मनगट मोडलं, बदली माणूस साहेबांनी पाठवला नाही.

हा तक्ता असाच वरिष्ठांपर्यंत जाणार म्हणताच साहेबांनी दार उघडलं.

डाव्या हाताने इतकंच जमतं. रागावू नकोस.

तुझी,
धाकटी