आधी चांगुणावहिनीच्या दोन वलांड्या

मी, शिवराम हिरू कोळी, वय अदमासे बहात्तर, धंदा मासेमारी, राहणार दिवाळे, जिल्हा ठाणे, नजर मंद पण डोकं शाबूत असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला धाक घालून किंवा गोड चहा पाजून कोणी ते लिहवून घेतलेलं नाही. चहा आला होता, मी प्यायलो नाही.

१. होडी व जाळी थोरला मुलगा पोपट याला, कारण समुद्रावर तोच जातो. भिंतीवरचं घड्याळ धाकटा नंदकुमार याला. ते पाच मिनिटं पुढे आहे, तसंच ठेवावं, कचेरीत वेळेवर पोचेल.

२. घर दोघांचं. पुढची खोली मात्र माझे थोरले बंधू कै. किसन यांच्या पत्नी चांगुणाबाई यांच्याकडे, त्या हयात असेपर्यंत. कडी आतून राहील.

३. खाडीकाठी बोंबील सुकवायच्या माझ्या बारा वलांड्या आहेत. त्यांतल्या दोन चांगुणावहिनींच्या, उरलेल्या दहा दोन्ही मुलांना सारख्या. पहिल्या मसुद्यात मी हे हौसेने आकड्यांत लिहिलं: १२ − २ ÷ २. मुलांची पुस्तकं वाचूनच मी शिकलो, म्हटलं त्यांना आवडेल.

नंदकुमारने कागद पाहिला आणि म्हणाला, "बाबा, भागाकार आधी होतो. दोन भागिले दोन, एक. काकीची एक, आमच्या अकरा."

सूनबाई वैजयंती हिच्या कॅल्क्युलेटरवर उत्तर पाच आलं, म्हणजे एकेका मुलाला पाच. त्यावर, ते साधं मशीन आहे, त्याला नियम कळत नाही, असं नंदकुमारचं म्हणणं. पोपट अकराची निम्मी बोटांवर मोजू लागला. खाडीपलीकडे ऐकू जाईल असा बोलणारा माणूस बोटांवर का मोजतो, हे मला चांगलं कळतं.

वहिनी म्हणाली, "भावजी, मना एक बी पुरं हाय."

हे तिच्या तोंडात कोणी घातलं, त्याचा शोध चालू आहे.

माझी रखमा गेली तेव्हा नंदकुमार रांगत होता. त्याच्या पाटीपासून मॅट्रिकच्या फीपर्यंत सगळं वहिनीने याच वलांड्यांवरचे बोंबील बेलापूरच्या बाजारात विकून भागवलं. भागाकार तो तिच्या टोपलीवर शिकला. पुस्तकातला नियम खरा असेल, मी पुस्तकाशी भांडत नाही. पण वलांड्या पुस्तकातल्या नाहीत.

४. कमळाकर गुरुजींनी नंदकुमारला शिकवलं, म्हणून त्यांचाही मला संशय होता. ते म्हणाले, "वजाबाकीला कंस घाला, नाहीतर सरळ शब्दांत लिहा." म्हणून शब्दांत लिहिलं आहे. या मृत्युपत्राचं बंद पाकीट त्यांच्याकडे राहील. त्यांना तोंडी बजावलं आहे की वहिनीचे बोंबील तिच्या दोन वलांड्यांवर टांगलेले आधी स्वतः बघायचे, मगच पाकीट फोडायचं. पावसाळ्यात मेलो तर बोंबील सुकवायचं ऊन पडेपर्यंत पाकीट बंद, आणि मुलांची वाटणीही.

५. पोरांनो, राग नाही. फक्त विश्वास नाही. जेवायला एकत्र बसत जा.

दिवाळे, ९ फेब्रुवारी १९८६
सही: शिवराम हिरू कोळी

साक्षीदार:
१. कमळाकर गुरुजी, सही.
२. मुक्ताबाई, मासळी विकणारी, डाव्या हाताचा अंगठा. एक की दोन, हे तिने मोठ्याने वाचायला लावलं. दोन ऐकलं, मग अंगठा दिला.