उपड्या मडक्याची पोपटी

मस्कत,
जानेवारी २०१५
(रुसैलच्या गोडाऊनमधून, जेवणाच्या सुट्टीत)

तीर्थस्वरूप एकनाथमामांस,

धनंजयचा साष्टांग नमस्कार. (कंबर अजून नीट वाकत नाही, तेव्हा तूर्त उभ्यानेच स्वीकारावा.) आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरतो का? मामींचा खोकला बसला का? वालाच्या शेंगा भरल्या असतील, वाडीत रोज कुणाची ना कुणाची पोपटी लागत असेल आणि तुम्ही खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या चुका काढत असाल, या कल्पनेनेच तोंडाला पाणी सुटतं.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही दोनदा ‘हां हां’ म्हणता आणि मामींकडे देता. मामींना सुगंधाने तिची बाजू आधीच सांगितली आहे, फोटोसकट. त्यातला निम्मा भाग बायकोच्या नजरेतून पाहिलेला आहे, हे ध्यानात ठेवा. खरी गोष्ट अशी की गेल्या शुक्रवारपासून मनाली माझ्याशी इंग्रजीत बोलते. एरवी पोरगी शाळेत, मैत्रिणींत, आईशीसुद्धा इंग्रजी फाडते, पण माझ्याशी मात्र अडखळत का होईना, मराठीच. आता फक्त ‘येस’, ‘नो’ आणि ‘व्हॉटेव्हर’. मामा, मला ते फार लागलंय. बाकी माझी काही चूक नाही, हे पुढे वाचल्यावर तुम्हालाही पटेल.

मनाली सुट्टीच्या दिवशी प्रेमा मॅडमच्या चित्रकलेच्या क्लासला जाते. बाई मूळच्या पुण्याच्या, त्यामुळे त्यांचं सगळं वेळेवर आणि थोडं समजायला अवघड. त्यांनी एक सहल काढली. आधी माळरानावरून दीड-दोन तास चालायचं (इथला माळ म्हणजे दगड, काटेरी बाभळी आणि गुडघाभर सुगंधी झुडपं, बकऱ्या सोडल्या तर कुणाच्या कामाची नाहीत), वाटेत मुलांनी केलेली कला उघड्यावर मांडलेली बघायची आणि शेवटी वादीतल्या डोहात पोहायचं. वादी म्हणजे डोंगरातली नदी. पाणी असलं तर नदी, नसलं तर रस्ता. मनालीने काय केलंय ते ती सांगेना. ‘बाबा, सरप्राइज आहे, तुम्ही बघा,’ एवढंच. आठ दिवस हेच चाललं होतं.

आता पन्नास माणसं चालून येणार म्हणजे जेवणाचं कुणीतरी बघायला हवं. बिस्किटं आणि ज्यूस असा बेत होता. मी मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि म्हटलं, मॅडम, तुम्ही कला बघा, पोटाचं माझ्यावर सोडा, रायगडची पोपटी खायला घालतो, शेंगा-कोंबडी मडक्यात भरायची, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. (गोडाऊनमध्ये चाळीस माणसं माझ्या शब्दावर हलतात, तिथे एका मडक्याची काय कथा.) जोडीला सादिक होताच. सादिक आपल्या मुरूडचा, मवालेहच्या मंडईत भाजीचा मोठा व्यापारी. त्याने विमानाने आलेल्या वालाच्या शेंगा मिळवल्या, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, केळीची पानं, सगळं आणलं. फक्त मडक्यात घालायचा भांबुर्ड्याचा पाला कुठून आणणार? मुळ्याचा पाला आणि भरपूर ओव्यावर भागवलं. हे वाचून तुम्ही तोंड वाकडं केलंत, ते मला इथून दिसतंय.

मंडळी हमरस्त्यावर उतरून माळावरून निघाली, मनाली आणि सुगंधा त्यांच्यातच. मी आणि सादिक पिकअपने आडवाटेने थेट डोहाशी गेलो. पोहोचून मागचं फळकुट उघडतो तर आमच्या मडक्याची खापरं झालेली. सादिकने गाडी अशी हाणली होती की शेंगा आपोआप सोलल्या गेल्या. मी कपाळाला हात लावला आणि वर पाहिलं, तर काय सांगू मामा! समोर झुडपांमधून वीसएक मडकी, ओळीने, उपडी ठेवलेली!

आता तुम्हीच सांगा. आपल्या गावात शेतात मडकं उपडं दिसलं तर माणूस काय समजतो? पोपटी. दुसरा अर्थ आजवर कुणी लावलाय? मला वाटलं, अलिबागकडची कुणी मंडळी आदल्या दिवशी येऊन गेली असतील आणि मडकी टाकून गेली असतील. सादिक आपला घाबरट. ‘अरे धनंजय, ये मडके कोनाचे तरी असतील रे, अर्बाब येल ना कोन तरी,’ असं दोनदा म्हणाला. (अर्बाब म्हणजे इथे मालक.) मी म्हटलं, यल्ला, चल, जाळाला झावळ्या काढ. त्यातलं सगळ्यात मोठं, चांगल्या पोटाचं मडकं निवडलं. बुडाशी कुणीतरी मिशाळ शिंगाळा मासा कोरला होता. म्हटलं, वा, कारागीर कोकणातलाच दिसतो.

पोपटी अशी लागली मामा, अशी लागली! मडक्यावर पाणी शिंपडलं तर चर्र झालं, तेव्हाच उतरवली, तुमच्या शिकवणीप्रमाणे. मंडळी दमून आली ती वासाने पळत आली. मल्याळी, गुजराती, दोन ओमानी कुटुंबं, सगळी बोटं चाटत होती. सादिकही कॉलर ताठ करून फिरत होता. अशा वेळी प्रेमा मॅडम मडकी मोजायला लागल्या.

‘धनंजयराव,’ त्या म्हणाल्या, ‘अहो, ते इन्स्टॉलेशन होतं! पावसाची वाट बघणाऱ्या घागरी!’

मी म्हणणार होतो की पावसाची वाट बघायची तर मडकं उताणं ठेवावं. पण तेवढ्यात मनाली दिसली. ती त्या काळ्याठिक्कर मडक्यापुढे उभी होती, हातात अर्धी सोललेली शेंग. रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला कळलं की कुणाचं सरप्राइज मी चुलीत घातलंय.

पण हातपाय गाळणारा हा धनंजय नव्हे. म्हटलं, बाळा, काजळीच आहे, आत्ता धुऊन देतो. डोहाच्या काठाला सपाट दगडावर बसलो आणि वाळूने घासायला घेतलं. दगड शेवाळलेला. मडकं हातातून निसटलं ते उपडंच पाण्यात पडलं आणि डुलत डुलत मध्यावर चाललं. मनाली काठावर. पन्नास माणसं काठावर. त्या सगळ्यांना मी वर्षभर सांगत आलोय की आम्ही समुद्रकाठची माणसं, आम्हाला पोहायला शिकवावं लागत नाही. (तळ्यावरच्या त्या जुन्या प्रसंगाचा उल्लेख इथे नको.) मारली उडी, कपड्यांसकट!

पाणी थंड होतं आणि अपेक्षेपेक्षा खोल. तरी मी शास्त्रशुद्ध पद्धतीने मडकं गाठलं, छातीशी धरलं आणि पायांनी पाणी तोडत पलीकडच्या काठाला लागलो. मध्ये काही वेळ मी गोल फिरत होतो असं सुगंधा म्हणते, तो प्रवाहाचा अंदाज होता. एका ओमानी गृहस्थांनी दोर टाकला, तोही मी निव्वळ त्यांचं मन मोडू नये म्हणून धरला. टाळ्या वाजल्या. कंबर दगडावर आपटली ती काठावर चढताना, पोहताना नव्हे. मडक्याला टवकासुद्धा उडाला नाही.

असो. मामींना नमस्कार, वाडीतल्यांना आठवण सांगा.

आपला आज्ञाधारक,
धनंजय

ता. क. सादिकचा मेव्हणा पुढच्या महिन्यात मुरूडहून येतोय. त्याच्याकडे दोन मडकी द्या, चांगली खणखणीत वाजवून घ्या. एक पोपटीला, एक मनालीला. भांबुर्डा कागदात गुंडाळून.

ता. क. २. मुख्य काम राहिलंच. मनालीला तुमच्या हातच्या दोन ओळी लिहा की तुझा बाप लहानपणापासून पट्टीचा पोहणारा आहे. तुमचा शब्द ती मानते. तळ्यातून मला केसाला धरून काढलंत, ते तेवढं गाळा. पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतोय. मराठी हस्ताक्षर वाचायचा तिला कंटाळा आहे, तेव्हा काळजी नाही.

ता. क. ३. मामाआजोबा, मी मनाली. मी हळू वाचते, पण पूर्ण वाचते. बाबांना पोहता येत नाही, ते मला आधीपासून माहीत आहे. बीचवर ते गुडघ्यापर्यंत जातात आणि म्हणतात, आज पाणी बरोबर नाही. तरी त्यांनी माझ्या मडक्यासाठी उडी मारली. मग मडक्याने त्यांना धरून ठेवलं. म्हणून मी आता रागावले नाहीये, पण अजून दोन दिवस इंग्लिशच बोलणार आहे. तुम्ही खोटं लिहू नका. मे महिन्यात आम्ही येऊ तेव्हा त्यांना तळ्यात शिकवा. मडकं एकच पाठवा, माझं माझ्याकडे आहे. आणि तो शिंगाळा मासा नव्हता. फोटो मामीआजीकडे आहे, मिशी नीट बघा. ते बाबा होते. आता बाबा काळे झाले आहेत, पण बुडाले नाहीत.