पाचव्या माठाचा गळा

१४ फेब्रुवारी १९७१, पुणतांबा

पाच महिने वही उघडली नाही. चूक माझीच. मुंबईच्या वसतिगृहात विशीतल्या मुलींसमोर लिहायची लाज वाटे — राहुरीच्या शाळेतली चित्रकलेची बाई, त्रेचाळिसाव्या वर्षी पदव्युत्तर वर्गात, आणि वर रोजनिशीही लिहिते!

इथे येऊन दीड महिना झाला. मार्चअखेर परीक्षेला पाच माठ द्यायचे. माती इथल्या नदीकाठची, वर उसाच्या चिपाडांच्या राखेची झिलई. ती या मातीवर बसेल का, हाच माझा प्रयोग. सोबत सही करून द्यायची: ‘सर्व काम स्वहस्ते केले आहे.’

सहादेव कुंभारांच्या पडवीत काम करते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “बाई, समदं तुमचंच समजा. चाकाला तेवढा हात लावायचा न्हाई. बाईमानसं लावत न्हाईत.” कॉलेजात मी रोज चाकावर बसते! तरी शब्द दिला. आदरापोटी, की काम अडू नये म्हणून? अजून ठरत नाही. तेव्हापासून मातीच्या वळ्या एकावर एक रचते आहे.

१९ फेब्रुवारी

चाचणीच्या तुकड्यावर झिलई फसली. सगळीकडे फोड. सहादेवभाऊंच्या बायकोने, गोजरबाईंनी, तुकडा उन्हात धरला. “गोवर आल्यावानी दिसतंय की वो ह्ये!” दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मग म्हणाल्या, “राख धुतली व्हती का?”

“नाही. नुसती चाळली.”

“शिकल्याल्या ना तुमी? आमी लुगडी धुवायला राख भिजवतो, तवा वरचं पानी कसं झोंबतं हाताला! त्ये काडून टाका की.”

पुस्तकातही हेच होतं. मीच घाई केली.

२४ फेब्रुवारी

राख चार पाण्यांनी धुतली. बसली! कैरीच्या सालीसारखा रंग. गोजरबाईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, “आगं बया, लुगडं भरलं माजं!”

३ मार्च

चार माठ उभे राहिले. पाचवा सगळ्यांत मोठा, आणि त्याचाच गळा खचला. एवढ्या रुंद तोंडाला वळ्या तग धरत नाहीत. सहादेवभाऊ आठवड्यासाठी तिसगावला, लेकीकडे गेलेत. मीही दोन दिवस राहुरीला घरी जाऊन येते. ह्यांचं पत्र आलंय — शाळा आता रजा वाढवून देणार नाही.

६ मार्च

परतले, तर पाचवा माठ ताठ उभा! “वाईच वाकला व्हता, सरळ केला,” गोजरबाई म्हणाल्या. किती आभार मानले मी.

१३ मार्च

भट्टी उघडली. पाचही धडधाकट, पण पाचव्याची सर कशालाच नाही. माठाचं तोंड उन्हाकडे करून आत पाहिलं — आणि चरकले. गळ्याला आतून बोटांच्या रेघा, गोल फिरत वर गेलेल्या. वळ्यांचा गळा असा होत नाही. हा चाकावरच ओढलेला. आणि सहादेवभाऊ तर गावात नव्हते!

गोजरबाईंना एकटीला गाठलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तुमी यवढ्या खपला, बगवंना मला. चाळीस वर्सं चाकाशेजारी बसून माती मळतीया. हातांला ठावं व्हतं.”

“पहिल्यांदाच केलंत?”

“तिसऱ्यांदा.” पदर तोंडाशी धरून खुदकन हसल्या. लगेच चेहरा उतरला. “ह्यांला सांगू नगा. कागदावर माजं नाव बी लिवू नगा.”

१४ मार्च

‘स्वहस्ते’ म्हणून सही केली तर खोटं. खरं लिहिलं तर त्यांचं गुपित उघडं. मग एकच — तो माठ द्यायचाच नाही. पण चार माठांवर परीक्षा होत नाही. दुसरा तेवढा घडवायचा तर गळ्याला चाक हवं. आणि शब्द दिलेला.

१६ मार्च

सहादेवभाऊंनी आज तो माठ उचलला. आत हात घालून गळा चाचपला. बराच वेळ.

“गळा कुनाचा?”

“माझा नाही,” मी म्हणाले.

“मंग परीक्षेला धाडत न्हाई व्हय?”

“नाही.”

“हं.”

गोजरबाई मान खाली घालून माती मळत होत्या. खोटं बोलले नाही मी. पण माझ्या खरेपणाची किंमत त्यांनी का द्यावी?

१७ मार्च

सहादेवभाऊ सकाळी पुन्हा तिसगावला निघाले. म्हणे, लेकीकडचं काम राहिलंय. बाहेरगावी जाताना ते चाक उतरवून भिंतीला लावतात, वर गोणपाट बांधतात. आज चाक खुंट्यावर तसंच, उघडं. शेजारी फिरवायची काठीसुद्धा.

ते दारातून वळले. “तीन दिस येत न्हाई. माती भिजल्याली हाय. वाळू दिऊ नगा — दोगी बी.”

उद्या: पहाटे माती मळून ठेवायची, दोघींपुरती.